सांभाळणाऱ्याची सुट्टी: ब्युरो, बाहेरचा मुक्काम, विमा आणि भावंडांमधला हिशेब

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात औषधं, डायपर, फिजिओथेरपी यांचा खर्च महिन्याच्या यादीत असतो. त्या माणसाला दिवसरात्र सांभाळणारी व्यक्ती बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी असते. तिच्या सुट्टीचा खर्च मात्र त्या यादीत नसतो. मग सुट्टी मिळते ती तिची कंबर धरल्यावर, आणि तेव्हा घाईघाईत, चढ्या दराने, न पारखलेलं माणूस घरात आणावं लागतं. हा खर्च पहिल्या महिन्यापासून औषधांच्याच ओळीत धरावा, या हिशेबाने पुढचं सगळं लिहिलं आहे. सांभाळणारीला सुट्टी मिळावी म्हणून काही काळ दुसऱ्याने रुग्ण सांभाळायचा, या सेवेला हॉस्पिटलवाले आणि विमा कंपन्या रेस्पाइट केअर म्हणतात. आपल्याकडे त्या नावाने ती क्वचितच मिळते. ब्युरोची (घरी रुग्ण सांभाळायला माणूस पुरवणाऱ्या एजन्सीची) मावशी, दिवसाचं केंद्र, वृद्धाश्रमातला थोड्या दिवसांचा मुक्काम अशा तुकड्यांतून ती जुळवावी लागते.

आधी सुट्टी किती आणि कधीची, ते ठरवा

“थोडी मोकळीक हवी” एवढ्यावर ब्युरो दर सांगू शकत नाही आणि घरातलं कोणी पैसेही काढत नाही. म्हणून आधी सात दिवसांची नोंद ठेवा: रात्री किती वेळा उठावं लागलं, सलग जास्तीत जास्त किती तास झोप मिळाली, घराबाहेर किती वेळ पडता आलं, कोणत्या कामाला दोन माणसं लागली. वहीचं एक पान पुरतं. डॉक्टरांकडे, ब्युरोत आणि भावंडांशी बोलताना हेच पान पुढे करायचं आहे.

सुट्टी साधारण तीन प्रकारची असते: आठवड्यातला एखादा दिवस, आठवड्यातल्या एक-दोन रात्री, किंवा सलग चार ते दहा दिवस. पैसे कमी असतील तर आमचा सल्ला रात्री विकत घेण्याचा आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची बेचैनी बऱ्याचदा तिन्हीसांजेनंतर वाढते, ती रात्रभर चालते आणि सांभाळणारीची झोप महिनोन्‌महिने तुटत राहते. आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून सलग सात तास झोप मिळाली, तर उरलेले पाच दिवस निभावतात. वर्षातून एकदा केलेल्या आठ दिवसांच्या सहलीने हे साधत नाही.

चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी असलेली मावशी नव्हे. तीही रात्री झोपते, आणि तिने झोपलंच पाहिजे. रुग्ण रात्री एक-दोनदा उठत असेल तर चोवीस तासांचं एक माणूस चालतं. चार-पाच वेळा उठत असेल, उठून दाराकडे जात असेल किंवा दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागत असेल, तर बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट घ्याव्या लागतात आणि खर्च दुपटीकडे जातो. नवखी कुटुंबं इथेच सर्वांत जास्त फसतात. स्वस्त पडतं म्हणून चोवीस तासांचं माणूस घेतात, तिसऱ्या दिवशी ते सोडून जातं, आणि सुट्टी तिथेच संपते.

कामाचा कागद

माणूस शोधण्याआधी एका कागदावर, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरात दिवसाचं काम लिहून काढा. एका बाजूला वेळापत्रक: उठवणं, तोंड धुणं, चहा, औषधं, स्पंजिंग किंवा अंघोळ, जेवण, कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, झोप. दुसऱ्या बाजूला फक्त या माणसाच्या बाबतीत लागू होणाऱ्या गोष्टी: कोणत्या हाका ऐकल्यावर वळून बघतात, पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो का, कोणता हात उचलताना दुखतो, संडासला दोन दिवस झाली नाही तर काय द्यायचं, रडू लागल्या तर काय केल्याने शांत होतात. पहिलं पान कोणीही लिहील. दुसऱ्या पानातली माहिती फक्त सांभाळणारीच्या डोक्यात असते, आणि ती कागदावर नसली की दर तासाला तिला फोन येतो.

नाकातून नळी असेल तर कागदावर ठळक लिहा: पाजताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, पाजून झाल्यावर निदान अर्धा तास तशीच, आधी आणि नंतर नळीतून साधारण ३० मिली पाणी. आडवं ठेवून पाजलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणातल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एअर बेड असला तरी यात सूट नाही.

हा कागद दाखवून फॅमिली डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: यातलं कोणतं काम मावशी किंवा वॉर्डबॉय करू शकतो आणि कोणत्या कामाला नर्स लागते? अंघोळ, डायपर, भरवणं, वळवणं, व्हीलचेअरवर बसवणं ही अटेंडंटची कामं आहेत. इंजेक्शन, सलाइन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं, खोल बेडसोरचं (पडून राहिल्याने झालेल्या जखमेचं) ड्रेसिंग ही नर्सची. नर्सचा दर अटेंडंटच्या दीडपट-दुपटीच्या घरात असतो. दिवसातून एकदाच ड्रेसिंग असेल तर पूर्ण शिफ्टची नर्स नको. अटेंडंट ठेवा आणि ड्रेसिंगपुरती नर्स अर्ध्या तासासाठी बोलवा. उलट, पैसे वाचवायला मावशीला सक्शन करायला लावू नका.

माणूस घरी की रुग्ण बाहेर

*घरी माणूस बोलावणं.* शहरात ब्युरो असतात आणि ते बारा किंवा चोवीस तासांच्या शिफ्टने माणूस देतात. चार तासांसाठी सहसा कोणी येत नाही, त्यामुळे आठवड्याची सुट्टी ब्युरोकडून घेणार असाल तर पूर्ण शिफ्ट घ्या आणि पूर्ण बारा तास वापरा. तालुक्याच्या गावी ब्युरो नसेल तर तिथल्या हॉस्पिटलमध्ये आया म्हणून काम केलेल्या बाईंना विचारा. रोजावर येणाऱ्या मिळतात. विस्मरण झालेल्या माणसाला स्वतःचं घर, स्वतःची खाट सोडावी लागत नाही, हा या पर्यायाचा मोठा फायदा.

*दिवसाचं केंद्र.* सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र वेगळं आणि स्मृतिभ्रंशासाठीचं डे केअर वेगळं. पहिल्यात कोणी उठून बाहेर गेलं तर बघायला माणूस नसतो. दुसऱ्या प्रकारची केंद्रं मोजकी आहेत, मुख्यतः मोठ्या शहरांत. जाण्यायेण्याच्या रिक्षाचा खर्च फीइतकाच होऊ शकतो, तो आधी मोजा.

*थोड्या दिवसांचा मुक्काम.* धर्मादाय वृद्धाश्रम बहुधा स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. अंथरुणातल्या किंवा विस्मरणाच्या रुग्णासाठी शुश्रूषा केंद्र किंवा असिस्टेड लिव्हिंगवाल्यांकडे (मदतनिसांसह राहण्याची सोय देणाऱ्यांकडे) जावं लागतं. तिथे पहिला प्रश्न “कमीत कमी किती दिवस?” हा विचारा. काही ठिकाणी पंधरा दिवसांचे किंवा महिन्याचे पैसे घेतल्याशिवाय ठेवत नाहीत.

*कर्करोगाचा पुढच्या टप्प्यातला रुग्ण असेल तर* आधी मोफत सेवा बघा. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांचं शुश्रूषागृह आहे. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) केंद्र आहे. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे कागद सोबत लागतात. दुखणं आटोक्यात आणण्यासाठी तिथे दाखल केलं की घरच्यांनाही दम खाता येतो. शेवटच्या दिवसांसाठीची जागा म्हणून लोक तिथे फार उशिरा पोचतात.

*ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेलं मूल किंवा मोठं माणूस असेल तर* १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टच्या योजना बघा. ‘समर्थ-घरौंदा’ ही निवासाची योजना आहे आणि तिच्यात तात्पुरत्या मुक्कामाचा विचार आहे. ‘निरामय’ हा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. त्यात थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्च बसतो, मुक्काम बसत नाही. पण थेरपीचे पैसे तिकडून आले की सुट्टीसाठी खिशातले मोकळे होतात.

ठिकाणं कुठे आहेत हे कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन मोफत आहे. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते.

खरा हिशेब

फोनवर ब्युरो जो दर सांगतो त्याला दिवसांनी गुणून लोक बजेट करतात. तो आकडा निम्माच निघतो. उदाहरणादाखल चोवीस तासांचा दर १,२०० रुपये धरू. हा आकडा फक्त हिशेबापुरता आहे, तुमच्या गावातला दर तुम्ही घाला. चार दिवस बाहेर जायचं आहे.

१,२०० × ४ = ४,८०० हा मनातला आकडा. आता पुढचं जोडा. जाण्याच्या आदल्या दिवशी माणूस घरात हजर हवं, म्हणजे पाच दिवस: ६,०००. रजिस्ट्रेशन समजा १,०००. ब्युरोने पूर्ण बिलावर १८ टक्के जीएसटी लावला तर ७,०००वर १,२६०. मावशीचं दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता, दिवसाला १५० धरून ७५०. अचानक डॉक्टर घरी बोलवावे लागले, जादा डायपर लागले, यासाठी १,०००. बेरीज १०,०१०. दर चार महिन्यांनी अशी सुट्टी हवी असेल तर महिन्याला अडीच हजार बाजूला पडले पाहिजेत. त्यासाठी वेगळं आवर्ती ठेव खातं उघडा, नाहीतर ते पैसे एमआरआयमध्ये जातात.

जीएसटी लागतो की नाही हे दर ठरवतानाच विचारा, बिल हातात आल्यावर नव्हे. धर्मादाय म्हणून आयकर खात्यात नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला, ६० वर्षांपुढच्या रहिवाशासाठी, माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ आहे. खाजगी केंद्राला ही माफी लागू होत नाही.

गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातली लग्नसराई या काळात मावश्या गावी जातात. दर वाढतात आणि वाढीव पैसे देऊनही माणूस मिळेल याची खात्री नसते. याच काळात सुट्टी हवी असेल तर दीड महिना आधी सांगा. तारखेची सक्ती नसेल तर जुलै किंवा फेब्रुवारी निवडा.

विमा आणि सरकारी कार्ड: काय मिळत नाही

मेडिक्लेममधून हे पैसे मिळतील या आशेवर कोणीही राहू नये. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्सक्ल ०५’ असा कोड शोधा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या या कलमात विश्रांतीसाठीचा मुक्काम, पुनर्वसन आणि रेस्पाइट केअर सरळ वगळलेलं आहे. अंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडवणं-फिरवणं अशी मदत घरी असो वा केंद्रात, नर्सकडून असो वा साध्या माणसाकडून, ती त्यातच येते. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पण दोन्ही हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी आहेत. “चार दिवस दाखल करून घ्या, आम्हाला जरा विश्रांती” असं हॉस्पिटलला सुचवण्याचा मोह होतो. उपचाराची गरज नसताना केलेला असा दावा नामंजूर होतो, बिल तुमच्यावर येतं आणि अशक्त माणसाला तिथे नवा संसर्ग होण्याचा धोका वेगळाच.

काय मिळू शकतं

*रुग्णाचे स्वतःचे पैसे.* पेन्शन आणि ठेवी त्यांच्याच काळजीसाठी वापरण्यात संकोच नको. अडचण बँकेत येते: सही जमत नाही, आणि खातं एकट्याच्या नावावर असतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने, चालतो. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत माहिती नसेल तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. विस्मरणाची सुरुवात असेल तर मात्र आजच खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालेल असं, जोडून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका: देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की भारतीय करार कायद्याच्या कलम २०१प्रमाणे ते संपतं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होतं.

*आयकर.* हे फायदे जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळतात. अवलंबून असलेल्या व्यक्तीला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांपुढे १,२५,००० रुपयांची ठोक वजावट आहे. शुश्रूषेचा खर्च त्यात येतो आणि प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. अर्धांगवायूनंतर हे प्रमाणपत्र काढता येतं हेच अनेकांना माहीत नसतं. युडीआयडीच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. या कलमात पती-पत्नी, मुलं, आईवडील आणि भावंडं येतात, सासू-सासरे येत नाहीत. म्हणजे सासूला सांभाळणारी सून कमावती असली तरी वजावट मुलाने घ्यायची. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन ४० टक्क्यांपुढे असेल तर उपचारांच्या खर्चासाठी ८०डीडीबी आहे, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या वैद्यकीय खर्चासाठी ८०डीखाली ५०,००० पर्यंत वजावट आहे, पण रोख दिलेले पैसे त्यात चालत नाहीत. म्हणून ब्युरोला रोखीने पैसे देऊ नका आणि नर्सच्या शुश्रूषेचं बिल मावशीच्या बिलापासून वेगळं मागा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. सीएंशी बोलताना क्रमांकापेक्षा खर्चाचं स्वरूप सांगा.

*छोटी सरकारी मदत.* वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातल्या ६५ वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. ते सुट्टीसाठी नसून साहित्यासाठी आहेत. पण कमोड खुर्ची किंवा व्हीलचेअर घरात असेल तर एकटी मावशी काम करू शकते, नाहीतर उचलायला दुसरं माणूस लागतं.

भावंडांकडे काय आणि कसं मागायचं

“तुम्हीपण थोडं बघा ना” याला उत्तर येतं “हो, बघू की”. त्याऐवजी तारीख आणि रक्कम मागा: “दादा, ३ ते १२ फेब्रुवारी आई तुझ्याकडे, किंवा ते दहा दिवस मावशी लावायला लागणारे तेवीस हजार तुझ्याकडून.” दोनपैकी एक निवडायचं असतं तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. बोलण्याआधी सात दिवसांचं ते पान सगळ्यांना पाठवा.

वाटणी करताना सांभाळणारीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे. ब्युरोच्या महिन्याच्या दराइतकी रक्कम एकूण खर्चात लिहा आणि ती तिने भरली असं समजून बाकीच्यांचे वाटे काढा. हे कागदावर मांडलं की “आम्ही पैसे देतो, तू फक्त बघतेस” हे वाक्य बंद होतं. तिच्या वतीने हे मांडायची जबाबदारी नवऱ्याची किंवा थोरल्या भावाची आहे. सुनेने स्वतःच मांडलं तर ते भांडण समजलं जातं.

परदेशातल्या भावाने बहिणीला किंवा आईवडिलांना पाठवलेले पैसे नातेवाइकाची भेट ठरतात, त्यावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. बँकेमार्फत पाठवा आणि कशासाठी ते शेऱ्यात लिहा. दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम ही दिवाळीत एकदम दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा उपयोगी, कारण तिच्या भरवशावर पुढची तारीख ठरवता येते.

ब्युरोशी व्यवहार

पैसे देण्याआधी ही उत्तरं लेखी, निदान व्हॉट्सॲपवर घ्या: माणूस आलं नाही तर बदली किती तासांत देणार, मध्येच बदललं तर नव्या माणसाचा पहिला दिवस कोण भरणार, रजिस्ट्रेशन किती महिने चालतं, न वापरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का, शिफ्टची वेळ काय आणि दुसरं माणूस येईपर्यंत पहिलं थांबतं का. महिन्याचे पैसे आगाऊ मागितले तर आठवड्याच्या हप्त्यावर आणा. मावशीने थेट उचल मागितली तर नम्रपणे ब्युरोकडे पाठवा. उचल घेतलेलं माणूस परत येण्याची शाश्वती कमी होते.

आधारची प्रत, फोटो, घरच्या एका माणसाचा नंबर घ्या आणि पोलिस पडताळणी झाली आहे का विचारा. दागिने, चेकबुक, एटीएम कार्ड कपाटात कुलपात ठेवा. हे मावशीवर संशय घेण्यासाठी नाही. एखादी वस्तू सापडली नाही की पहिला आळ तिच्यावर येतो, तिलाही त्यापासून वाचवलं पाहिजे. तिला झोपायला नीट जागा, वेळेवर जेवण आणि दुपारी तासभर पाठ टेकायला मिळालं तर ती टिकते. स्वयंपाक, भांडी, नातवंडांचा डबा हे तिचं काम नाही. ठरलं नसताना लादलं की चौथ्या दिवशी ती येत नाही.

बाहेर ठेवणार असाल तर

ठिकाण दोनदा बघा, त्यातलं एकदा न कळवता, रात्री आठच्या सुमाराला. दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. रात्री किती रुग्णांमागे एक माणूस आहे आणि नर्स असते का, ते महत्त्वाचं. नाकाला लघवीचा वास येतो का, पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा आहे का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेतील, सही कोण करेल आणि डिपॉझिट कोण भरेल, हे आधी ठरवा. तुम्ही रेल्वेत असताना हा प्रश्न सोडवता येत नाही.

सोबत द्या: आधारची प्रत, डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी, केंद्र मागेल ते तपासणी अहवाल, मुक्कामाचे दिवस अधिक तीन दिवस पुरतील एवढी औषधं मूळ पाकिटांत, नाव शिवलेले कपडे, रोजची चादर, चष्मा आणि कवळीचा डबा. झोपेचं किंवा शांत करण्याचं औषध डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच द्यायचं, हे लिहून द्या. नव्या जागी रुग्ण ओरडला की डोस वाढवण्याचा मोह होतो आणि गुंगीत माणूस पडतो. भरती करताना माकडहाड, टाचा आणि कंबरेच्या हाडांवरच्या त्वचेचे फोटो केंद्राच्या माणसासमोर काढा. बेडसोर कधी झाला यावरून नंतर वाद होत नाही.

विस्मरणाच्या रुग्णाचे पहिले दोन-तीन दिवस अवघड जातात: जेवत नाहीत, रात्री घरी जायचं म्हणतात. म्हणून दोन दिवसांसाठी जागा बदलू नका, रुळायच्या आतच परत आणावं लागतं. एवढी लहान सुट्टी असेल तर माणूस घरीच बोलवा.

सराव

पहिली सुट्टी लग्नासाठी किंवा ऑपरेशनसाठी घेऊ नका. त्याआधी सराव हवा. पहिली शिफ्ट तुम्ही घरात असताना: सकाळी तुम्ही करा आणि तिला बघू द्या, दुपारी ती करेल आणि तुम्ही बघा. दुसऱ्या वेळी तीन तास बाहेर जा. तिसऱ्या वेळी एक रात्र दुसरीकडे झोपा. यात काय बिघडतं ते याच टप्प्यात कळतं: मावशीचे हात थंड असले की आई अंग चोरते, किंवा पुरुष अटेंडंटकडूनच अंघोळ घालून घेणार असं आबा म्हणतात. या तीन वेळांचे पैसे फुकट गेले असं समजू नका.

रुग्णाला समजत असेल तर आधी सांगा, तारखेसकट. न सांगता निघून गेलं तर पुढच्या वेळी ते तुमचा पदर सोडत नाहीत.

जाताना आणि परतल्यावर

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माणूस घरात आलेलं असलं पाहिजे. सकाळी सातला येतो म्हणालेलं माणूस न आल्याने किती तिकिटं रद्द झाली याची गणती नाही. औषधं दिवसांच्या डब्यांत भरून ठेवा. फ्रीजवर कामाचा कागद, डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा, रुग्णवाहिकेचा १०८ आणि निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचा नंबर. हा नातेवाईक तुम्ही नसावा. शेजारच्या एका घरी चावी द्या आणि दिवसातून एकदा डोकावायला सांगा.

फोन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. मावशीला चार प्रश्न विचारा: किती खाल्लं, लघवी किती वेळा झाली, संडास झाली का, अंगावर कुठे लाली आहे का. लघवी कमी झाली म्हणजे पाणी कमी जातंय. त्याहून जास्त फोन करून सुट्टी संपवू नका. घरी राहूनच सुट्टी घेत असाल तर त्या वेळात कपाटं आवरू नका. झोपा, किंवा घराबाहेर पडा.

“म्हातारीला परक्यावर टाकून गेली” असं कोणीतरी म्हणतंच. त्याने मन खात राहिलं, झोप लागेनाशी झाली, सतत रडू येऊ लागलं तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर चोवीस तास मराठीत बोलता येतं, मोफत.

परत आल्या दिवशी मावशीला लगेच सोडू नका, दोन तास थांबवून घ्या. त्वचा तपासा, उरलेल्या गोळ्या मोजा, वजन करता येत असेल तर करा. काय जमलं नाही ते तिच्याकडूनच विचारून कामाच्या कागदावर भर घाला. बिल आणि पावत्या एका पाकिटात घालून त्यावर तारीख टाका. मावशी चांगली निघाली असेल तर ब्युरोला तिचं नाव सांगून, ती मोकळी असेल अशी पुढच्या वेळची तारीख त्याच फोनवर ठरवून टाका.